ब्रेकर काढून द्या

लुंबिनी सोनकांबळेला वक्तृत्व स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं नसतं, तर सम्यक नगरच्या रस्त्यावर ही भानगड झालीच नसती. पहिलं मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

सम्यक नगर म्हणजे नांदेडच्या कडेची एक साधी वसाहत. तिच्या मधून एक रस्ता जातो. तो कॉलनीचा रस्ता आहे, पण वाळूचे प्रचंड टिप्पर म्हणजे हायवा, उसाचे ट्रॅक्टर आणि मुदखेडकडून येणारे ट्रक यांना हे कुणी सांगितलेलं नाही. या रस्त्यावर, बरोबर सोनकांबळ्यांच्या फाटकासमोर, एक ब्रेकर होता. ब्रेकर कसला, बसलेली म्हैस. ट्रक यायचा, म्हशीपुढे करकचून थांबायचा, कण्हत वर चढायचा, पलीकडे आदळायचा, पहिला गिअर टाकायचा आणि मग जाड काळा ढग सोडायचा. तो ढग चपलासुद्धा न काढता फाटकातून आत. ओट्यावरून बैठकीत, बैठकीतून थेट पप्पांच्या पलंगावर.

आणि पप्पांच्या हृदयाच्या नळीत नुकतीच जाळी बसवली होती.

प्रीतम सोनकांबळे हदगावच्या शाळेत गणित शिकवायचे आणि रोज बसनं अप-डाउन करायचे. आता ते रजेवर होते, पलंगावर होते आणि मम्मीच्या ताब्यात होते. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की घरातले खुर्चीच्या कडेला सरकतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

"सर, तंबाखू?"

"आयुष्यात न्हाई."

"मग घर कुठं आहे?"

"रोडला लागूनच."

"ट्रक जातात का तिथून?"

"जात न्हाईत डॉक्टर," मम्मी म्हणाली, "थांबतात."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डिझेलच्या धुरातले कण केसापेक्षा कितीतरी बारीक. ते नाकात अडकत नाहीत, फुफ्फुसातही थांबत नाहीत, पार रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, बीपी चढतं, रक्ताच्या गुठळ्या व्हायला वेळ लागत नाही. "मी नळी मोकळी केली, पण तुमच्या दारातली हवा रोज माझ्या विरोधात काम करून राहिली. पुढच्या महिन्यात बोलावतो. बीपी असंच राहिलं तर दुसऱ्या नळीचाही विचार करावा लागेल. धूर नको अन् राग नको. दोन्ही अजिबात नको."

आता पंचाईत अशी की, पप्पांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकाच फाटकातून येत होत्या.

घरी आल्यावर लुंबिनीनं बीपीचं मशीन ताब्यात घेतलं. दहावीच्या पोरीनं दहावीचा अभ्यास करावा, असं तिच्या शाळेचं मत होतं. पण ट्रक गेला की ती पप्पांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची. मशीन घुर्रर्र करायचं आणि ती आकड्याकडे निकाल बघावा तशी बघायची. हायवा गेली की आकडा वर. दोन हायवा लागोपाठ गेल्या की आकडा इतका वर, की ती पप्पांना खोटंच सांगायची, "नॉर्मल आहे हो." गणिताच्या मास्तराला आकडा खोटा सांगणं सोपं नसतं. ते मशीनसाठी हात पुढं करायचे. तोवर तिनं ते बंद केलेलं असायचं.

मग शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. समोरच्या घरातले महादेवप्पा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. ते येऊन खुर्चीत बसले की खुर्चीला स्टिअरिंग फुटतं.

"मास्तर, गूळ खावा. धुळीला गूळ. आम्ही आयुष्यभर डिझेल हुंगलं, वर गूळ खाल्ला. काय झालं आम्हाला?" एवढं बोलून ते इतका वेळ खोकले की मम्मीला पाणी आणावं लागलं.

शेजारच्या धुरपताबाईंचं म्हणणं पडलं की खिडकीला ओलं पोतं बांधावं. पोतं बांधलं. संध्याकाळी सोडलं तर ते असं काळं झालेलं, की मम्मीनं ते न बोलता उचललं आणि पप्पांच्या नजरेआड धुवायला नेलं. लुंबिनीनं मात्र बघितलं होतं. जे पोत्यात अडकलं ते दिसलं. जे अडकलं नाही ते कुठं गेलं असेल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पप्पांना मास्कही लावून बघितला. मास्क लावून ते ओट्यावर बसले, तर दूधवाल्यानं फाटकाबाहेरूनच दूध ठेवून काढता पाय घेतला.

"हे सगळं वरवरचं आहे," लुंबिनी एके दिवशी जाहीर करती झाली. "मूळ कारण तो ब्रेकर आहे. तो गेला की ट्रक थांबणार न्हाईत. थांबले न्हाईत की धूर सोडणार न्हाईत. मी रस्त्याच्या ऑफिसात जाते."

"मी येतो," पप्पा म्हणाले.

"तुम्ही ऑफिसात बोलला की चिडता."

"मी बोलणारच न्हाई."

"तुम्ही न बोलताही चिडता."

शेवटी असं ठरलं की पप्पांनी सोबत यायचं, खुर्चीत बसायचं, शांतपणे श्वास घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. बोलायचं लुंबिनीनं. तिनं रात्री आरशासमोर तयारी केली. उतार कुठं, चढाव कुठं, हात कधी उचलायचा, सगळं ठरवलं. दुसऱ्या बक्षिसाची मुलगी होती ती, साधीसुधी नव्हती.

रस्त्याच्या ऑफिसातले साहेब फोनवर बोलत होते. हातानं "बसा" म्हणाले, डोळ्यांनी "कशाला आलात" म्हणाले. फोन संपला तशी लुंबिनी उभी राहिली. बसून वक्तृत्व होत नाही.

"साहेब!" ती म्हणाली, आणि बाहेरचा शिपाई आत डोकावला. "आम्ही सम्यक नगरचे रहिवासी. आमच्या घरापुढं रोज शेकडो ट्रक जातात. लहान लेकरं, म्हातारी माणसं, हृदयरोगी, सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. हे माझे वडील. यांच्या काळजात जाळी आहे. आम्हाला दुसरं काही नको. आमच्या घरापुढं तेवढा ब्रेकर काढून द्या!"

पप्पांनी ठरल्याप्रमाणे शांतपणे श्वास घेतला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे, लुंबिनी पुढं शपथेवर सांगायची, खरंच ओले झाले होते.

"बाळ," साहेब म्हणाले, "लोक इथं येऊन भांडतात. एवढ्या तळमळीनं कुणी मागितलं न्हाई. तुझं काम झालं समज. मी स्वतः लक्ष घालून ब्रेकर काढून देतो."

परतीच्या रिक्षात लुंबिनी इतकी ताठ बसली होती की तिचं डोकं टपाला लागत होतं. पप्पा म्हणाले, "लुंबे, तू वकील हो." घरी आल्यावर आकडाही थोडा खाली आलेला. खाली! तिनं तीनदा मोजून बघितलं.

आणि काम झालंही चटकन. खरं तर संशय तिथंच यायला पाहिजे होता. सरकारी काम इतक्या लवकर होतंय म्हणजे ते नक्की दुसऱ्याच कुणाचं तरी असणार. पण आनंदात माणसाला संशय सुचत नाही. सकाळी सकाळी ट्रॅक्टर आला. त्यातून गिट्टी उतरली, डांबर उतरलं, माणसं उतरली. त्यांचा मुकादम गुरुबसप्पा म्हणून होता, देगलूरकडचा. फाटकाशी येऊन त्यानं विचारलं, "ब्रेकर इथंच ना?"

"इथंच इथंच!" लुंबिनीनं स्वतः बाहेर जाऊन बोट दाखवलं. "नीट करा हं काका. अर्धवट नको."

"लई मजबूत करतो बघ, अक्का."

मजबूत हा शब्द ब्रेकर उखडण्याच्या कामात बसत नाही, हे तिला शाळेत गेल्यावर, भूगोलाच्या तासाला सुचलं. ती मधल्या सुट्टीत सायकल हाणत घरी आली. म्हैस होती तिथंच होती. तिच्यापुढे चार पावलांवर दुसरी म्हैस बसत होती. ताजी, काळी, वाफाळती.

"काका! काय करून राहिलात हे?"

"ब्रेकर काढून राहिलो," गुरुबसप्पा शांतपणे म्हणाला.

"काढून? अहो, घालून राहिलात की!"

"तेच की. काढून राहिलो."

"काढणे म्हणजे उखडून टाकणे!"

गुरुबसप्पानं घाम पुसला. "अक्का, मागच्या गल्लीत आम्ही नाली काढली. उखडली का? त्याच्या मागं रोड काढला. उखडला का? साहेब बोलले, सम्यक नगरात पोरगी रडून राहिली, ब्रेकर काढून द्या म्हणून. काढून दिला. आता यात आमचं काय चुकलं?"

लुंबिनी सायकलला टेकून मराठीतली क्रियापदं आठवू लागली. नाली काढतात ती खणतात. रांगोळी काढतात ती रेखतात. दात काढतात तो उपटतात, आणि हसून दात काढतात तेव्हा तो उपटतही नाहीत. एवढ्या मोठ्या भाषेत तिला नेमकं हेच क्रियापद सापडावं? मराठीच्या बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी दुसरं बक्षीस परत मागितलं असतं.

आता ट्रक दोनदा थांबू लागले. दोनदा कण्हायचे, दोनदा आदळायचे, दोनदा ढग सोडायचे. पहिला ढग घरात येऊन बसतो न बसतो तोच दुसरा दार वाजवायचा. त्या रात्री मशीननं दाखवलेला आकडा लुंबिनीनं कुणालाच सांगितला नाही. मम्मीनं विचारलं, "किती?" ती म्हणाली, "सेल गेलेत वाटतं." मग अंथरुणात तोंड खुपसून ती रडली. पप्पांना तपासणीला न्यायला आठवडाच उरला होता.

पप्पा मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लुंबे, गणितात असं होतं. वजा करायचं ते अधिक होतं. उदाहरण पुन्हा सोडवायचं." ते बोलताना मधेच थांबले आणि दम घेऊन मग वाक्य पुरं केलं. एवढंसं तर वाक्य होतं.

लुंबिनी पुन्हा ऑफिसात गेली. या वेळी एकटीच. काढणे हा शब्द तिनं तोंडातून हद्दपार केला होता. "साहेब, फोडा. उपटा. नष्ट करा. सपाट करा," ती म्हणाली.

साहेब दुखावले. "मागच्या आठवड्यात तूच जीव टांगणीला लागलाय म्हणलीस. मी रातोरात काम लावलं. आता फोडा म्हणतीस? एकदा झालेला ब्रेकर असा फोडता येत न्हाई, पोरी. शेजारच्यांची हरकत नसली पाहिजे. विचारून ये."

विचारायला ती पहिल्यांदा महादेवप्पांकडे गेली. महादेवप्पा दोन्ही ब्रेकरवर खूश होते. ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना मार्क देत असत. "हा बघ, क्लच जाळला येड्यानं! शून्य!" त्यांची एवढीच तर करमणूक. तरी ते म्हणाले, "मास्तरसाठी फोडा. माझी काही हरकत न्हाई."

धुरपताबाई मात्र जात्यासारख्या घट्ट बसल्या.

"न्हाई म्हणजे न्हाई. माझी नात त्याच रोडनं शाळेला जाती. ब्रेकर नव्हता तव्हा एक टमटम तिच्या अंगावर आलती. ध्यानात हाय का तुझ्या?"

"हाय, आजी. पण पप्पांचं…"

"तुझ्या बापाचं काळीज मला न्हाई का दिसत? लेकासारखा हाय तो मला. पण तू सांग लुंबे, तू दहावीला हायस, शिकलेली हायस. इकडं तुझा बाप, तिकडं माझी नात. ह्यातलं कोन्तं घेऊ अन् कोन्तं सोडू?"

लुंबिनी मान खाली घालून बाहेर आली आणि दोन ब्रेकरांच्या मधल्या जागेत, ओढणी नाकाला लावून, तशीच उभी राहिली. तेवढ्यात एक हायवा आली. पहिल्या म्हशीवरून उतरली, दुसरीपुढे थांबली. ड्रायव्हर बरोबर तिच्या डोक्यावर, खिडकीत कोपर टेकवून.

"ओ काका!" लुंबिनी ओरडली. "बायपास सोडून इकडून कशाला मरायला येता?"

"बायपासला आरटीओचे साहेब लोक उभे असतेत," ड्रायव्हर दिलखुलास हसला. "गाडीत माल जास्त असतो. हितनं गुपचूप निघतो आम्ही. पण दोन दोन ब्रेकर कुन्या येड्यानं काढले गं हितं?"

"कुणास ठाऊक," लुंबिनी म्हणाली.

ढग आला, गेला. तो विरल्यावर तिला दिसलं की भांडण धुरपताबाईंशी नव्हतं आणि म्हशीशीही नव्हतं. ट्रक इथं यायलाच नको होते.

तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा शिपायानं न विचारता दार उघडलं. ती उभी राहिली नाही, बसली. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पोत्याचं सांगितलं, पप्पा वाक्याच्या मधे थांबतात ते सांगितलं, धुरपताबाईंची नात सांगितली, हायवाचा ड्रायव्हर सांगितला. सांगता सांगता आवाज फाटला, तर तो तसाच फाटू दिला.

साहेबांनी कपाळ चोळलं. "जड गाड्या बंद करायचं पोलिसांच्या हातात आहे. त्यांच्याकडं माझ्या सहीनं पाठवतो, पण वेळ लागंल. तोवर असं करू. दोन्ही ब्रेकर फोडू अन् नियमाच्या मापाचा एकच पसरट बनवू. गाडी हळू होईल, पण उभी राहणार न्हाई. तुझ्या आजीची नात पण सुखरूप." मग त्यांनी बोट उचलून विचारलं, "फोडू म्हणजे फोडू. बनवू म्हणजे बनवू. कळलं ना आपल्या दोघांना?"

तपासणी दोन दिवसांवर आली असताना गुरुबसप्पाची टोळी पुन्हा आली. या वेळी लुंबिनी शाळेत गेलीच नाही. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना रिकामी पिंपं लागली. पिंपांवर बोर्ड लागला: काम चालू. रस्ता बंद. टिकाव पडले. दुपारपर्यंत दोन्ही म्हशींची माती झाली आणि रस्त्यात आडवा चर पडला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, म्हणूनच लुंबिनीला आता संशय येत होता.

आणि मग टोळीनं डांबराचं पिंप पेटवलं. कुठं? तर सोनकांबळ्यांच्या खिडकीखाली. कारण तिथं सावली होती. खाली जुने टायर घातले, काडी लावली आणि आतापर्यंतच्या सगळ्या हायवांनी मिळून सोडला नसेल असा एक लोट उठला आणि खिडकीतून आत शिरला.

"अहो काका, विझवा ते!" लुंबिनी धावली. पण तिच्याआधी फाटक धाडकन उघडलं. दारात पप्पा. अंगात बनियनवर घातलेला शर्ट, डोळे लाल. एवढ्या दिवसांचा सगळा राग त्यांच्या गळ्यात आला होता.

"बंद करा ते! माणूस मारायला निघालात का…"

आणि वाक्याच्या मधे ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. उजवा हात वर आला आणि त्यांनी शर्टाची डावी बाजू गच्च धरली.

टिकाव थांबले. मम्मीच्या हातातलं भांडं ओट्यावर पडून गडगडत गेलं.

"झोपवा त्यांना!" महादेवप्पा ओरडले.

"झोपवू नगा, बसवा!" धुरपताबाई ओरडल्या.

झोपवावं की बसवावं यावर तिथल्या तिथं दोन पक्ष पडले. गुरुबसप्पानं पिंपाखालचे टायर उघड्या हातानं ओढून लांब फेकले आणि त्यांच्यावर माती लोटली. रिक्षा बोलवावी तर रस्ता बंद, दोन्हीकडून. मधे चर. तो चर लुंबिनीनंच मागून घेतलेला. तिनं धावत जाऊन पप्पांना धरलं, धूर नव्हता त्या कोपऱ्यात नेलं, टेकवून बसवलं. मशीन आणलं. पट्टा उलटा बसला, तिनं पुन्हा गुंडाळला. लागला. मशीन घुर्रर्र करून म्हणालं, एरर.

"पप्पा! कुठं दुखतंय? पप्पा, बोला!"

"दुखत न्हाई गं," पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. "थरथरून राहिलंय."

"काय?"

"हे." त्यांनी मूठ सोडली. शर्टाच्या खिशात फोन होता. पप्पा दचकू नयेत म्हणून मम्मीनं त्याची रिंग बंद करून ठेवली होती. तो बिचारा मघापासून छातीवर नुसता वळवळत होता.

मम्मी ओट्यावर बसली आणि एकाच वेळी हसली आणि रडली. महादेवप्पा म्हणाले, "मी म्हणलंच होतं," पण काय म्हणलं होतं ते कुणी विचारलं नाही. लुंबिनीनं कुणाकडे न बघता पट्टा पुन्हा बांधला. मशीन घुरघुरलं, थांबलं, आकडा आला. तिनं डोळे पुसून पुन्हा बघितला. जाळी बसवल्यापासून इतका शहाणा आकडा तिनं बघितला नव्हता. तिनं तो पप्पांपुढे धरला. या वेळी खोटं बोलायची गरज नव्हती.

तेव्हा कुठं सगळ्यांना जाणवलं की सकाळपासून एकही ट्रक गेला नाही. पिंपांपलीकडे एक हायवा आली, बोर्ड वाचला आणि शिव्या घालत बायपासकडे वळली. धुरपताबाईंची नात भर रस्त्यात खडूनं घरं आखून लंगडी घालत होती. समोरच्या कडुलिंबाची पानं अजून काळीच होती, पण त्यांच्यातून येणारा वारा मात्र स्वच्छ होता. पप्पांनी एकदा श्वास घेतला, पार खालपर्यंत, मधे कुठं न अडकता. आपल्याला हे जमतंय याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी दुसरा घेऊन बघितला.

खिशात पुन्हा थरथर. पप्पांनी फोन कानाला लावला.

"मास्तर," रस्त्याच्या ऑफिसातले साहेब होते, "मघापासून लावतोय. झालं का काम?"

पप्पांनी चराकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. आयुष्यभर पोरांना वेळेत उदाहरण सोडवा म्हणून ओरडणारा माणूस तो.

"न्हाई साहेब. चालू हाय."

"संध्याकाळपर्यंत उरकायला लावतो."

"छे छे! तसं करू नका," पप्पा कळवळून म्हणाले. "पोलिसांचा निर्णय येऊ द्या आधी. घाईत काम कच्चं राहतं."

फोन ठेवून त्यांनी लुंबिनीला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "त्या लोकांना म्हणावं, जेवून घ्या. अन् जेवल्यावर जरा आडवं व्हा, सावली लई छान हाय."